बाबांची मारवा-दरबारीची एलपी द्यायची आहे (विकायची नाही)

जुनी_पेठ | रविवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची एलपी रेकॉर्ड आहे. एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एचएमव्हीची, मोनो. दुर्मीळ वगैरे अजिबात नाही, या गाण्याचं वेड असलेल्या माणसाकडे ती कुठल्या ना कुठल्या रूपात असतेच. आमची वडिलांनी १९७१ साली घेतली. पगाराच्या दिवशी घेतली आणि आईला काय सांगायचं याची तयारी करत घरापर्यंत चालत आले, असं ते स्वतःच सांगायचे.

देण्याचं कारण साधं. माझा उजवा हात थरथरतो. सुई टेकवताना घसरते. गेल्या दिवाळीत मारव्याच्या सुरुवातीलाच एक ओरखडा पाडला, मीच. तेव्हापासून लावलेली नाही. लेक पुण्यात असते, तिला विचारलं. "बाबा, मी ती फ्रेम करून भिंतीला लावीन," म्हणाली. खरं बोलली, त्याबद्दल राग नाही. पण भिंतीला लावायची असती तर इथेही भिंती आहेत.

आता खरी गंमत. आतल्या कागदी पाकिटावर बाबांनी पेन्सिलीनं रेघा मारल्यात. मिलमध्ये कारकून होते. कापडाच्या गाठी मोजताना मारतात तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. प्रत्येक वेळी रेकॉर्ड लावली की एक रेघ. सुई कधी बदलायची याचा हिशेब राहावा म्हणून. डावीकडे 'मा', उजवीकडे 'द'. मी मोजल्या. मारव्याच्या ४१२, दरबारीच्या २३.

याचं कारण आमची चाळ. बाबा संध्याकाळी घरी येऊन पाय धुऊन बसले की मारव्याची वेळ झालेली असायची. दरबारी रात्रीची, आणि रात्री दहाला चाळ गाढ झोपलेली. शेजारच्या तिन्ही खोल्यांतली माणसं पहिल्या पाळीची, पहाटे भोंगा व्हायच्या आत उठणारी. दरबारी लावली की शेजारून भिंत वाजायची. त्यामुळे मारव्याची बाजू झिजून राखाडी झालीय आणि दरबारीची उजेडात धरली तर अजून चेहरा दिसतो.

ज्यांना हवी असेल त्यांनी एवढंच सांगा: कुठली बाजू आधी लावाल, आणि कधी?

पैसे नकोत. सोलापुरात हातात देईन. उन्हाळा लागायच्या आत.

---

पार्कचौक | रविवार, रात्री ९:३१

काका, पहिलाच धागा आणि इतका सुंदर! वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे टेपसुद्धा नव्हता, त्यामुळे रांगेत नाही. नुसता हजेरी लावून जातो.

---

तबकडीवाला | रविवार, रात्री १०:०२

माझ्याकडे साडेतीनशेच्या वर एलपी आहेत, ७८ आरपीएमच्या वेगळ्या, म्हणून थोडं अधिकारानं लिहितो. गैरसमज नसावा.

१) बाबांचा प्लेअर कुठला होता? सत्तरच्या दशकातला फिएस्टा असेल तर त्याचा आर्म (सुईचा दांडा) जड. हल्लीचा चांगला कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) दीड-दोन ग्रॅम वजनावर चालतो, ते जुने त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब द्यायचे. ४१२ वेळा म्हणजे ती बाजू संपली असं समजा. तरी एक आशा असते: वेगळ्या आकाराची, इलिप्टिकल सुई लावली तर ती ग्रूव्हच्या (खाचेच्या) भिंतीला थोडी वेगळ्या उंचीवर टेकते, आणि तिथे झीज कमी झालेली असू शकते.

२) मोनो रेकॉर्ड आहे, तेव्हा अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबून ऐका. सुईच्या वरखाली हलण्यानं येणारी खरखर बरीचशी कटते.

३) ते कागदी पाकीट काढून टाका. जुना कागद खरखरीत असतो, रेकॉर्ड आतबाहेर करताना बारीक रेषा पाडतो, शिवाय दमट हवेत बुरशी धरतो. आतून प्लास्टिक असलेली नवी पाकिटं मिळतात.

४) पेन्सिलीच्या खुणा असलेलं पाकीट म्हणजे विकताना किंमत पडते. विकत नाही आहात हे वाचलं, तरी माहिती म्हणून.

उत्तर: मारवा, संध्याकाळी साडेसहा. वेळेचा राग वेळेलाच.

---

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:२०

रविवारी सकाळी, चहा आणि शेंगाचटणी-भाकरीबरोबर, मारवा. आपल्याला तेवढाच वेळ मिळतो बॉ.

---

तबकडीवाला | रविवार, रात्री १०:२४

सकाळी मारवा?! सूर्यास्ताचा राग आहे हो तो. पंचम नाही, 'सा'सुद्धा किती जपून लावतात त्यात. उजेड जाता जाता अंगावर येणारी ती अस्वस्थता सकाळी चटणी चाटत कशी कळणार?

---

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:३३

चटणी चाटत नाही, दह्यात कालवून खातो. आणि खाँसाहेबांनी स्टुडिओत गायला तेव्हा बाहेर किती वाजले होते ते तुम्ही बघायला गेला होतात का?

---

मधला_मारुती | रविवार, रात्री १०:४१

झालं सुरू. रागांच्या समयचक्रावर आधीच दोन धागे शतकी झालेत, तिकडे जा की. इथे काकांची रेकॉर्ड आहे.

काका, एक सुचवू? हात थरथरतो म्हणालात, तर क्यू लिव्हर असलेला प्लेअर येतो. आर्म जागेवर नेऊन सोडायचा आणि कळ दाबली की सुई आपोआप अलगद उतरते. द्यायची घाई कशाला?

---

जुनी_पेठ | सोमवार, सकाळी ७:५०

सर्वांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मधला_मारुती, लिव्हरवाला आहे माझ्याकडे. तो आर्म 'जागेवर नेणं' हेच जमत नाही. गोळ्या चालू आहेत.

तबकडीवाला, हो, फिएस्टाच. बॅटरीवर चालायचा. नीलमाची सुई होती, ती फार लवकर झिजायची, म्हणून तर रेघा. हिऱ्याची सुई नंतर आली घरात, पण तोवर बाबांना सवय लागली होती, हिशेब चालूच राहिला. पाकिटाबद्दल तुमचं बरोबर असेल. पण मग मी नेमकं काय देतोय? मारवा-दरबारी तर फोनवर फुकट आहे.

---

नवीपेठकर | सोमवार, सकाळी ९:१५

डिजिटाइझ करून घ्या आधी. आणि मग एखाद्या वाचनालयाला नाहीतर संग्रहालयाला देऊन टाका. व्यक्तीच्या हातात दिलेली वस्तू दुसऱ्या पिढीत भंगारात जाते. मंगळवार बाजारात बघितलंय मी, एचएमव्हीच्या एलपींचा ढीग, ऊन खात पडलेला, वाकून थाळीसारख्या झालेल्या. किलोवर चालल्या होत्या.

---

जुनी_पेठ | सोमवार, सकाळी १०:०५

तो विचार करून झाला. कपाटात जाईल आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर असतील. वाजायला हवी हो ती.

नुसती उसनी देण्याचाही अनुभव आहे. ओळखीतल्या एकांना नाट्यसंगीताच्या दोन रेकॉर्डी दिल्या होत्या, आठ दिवसांसाठी. चार वर्षांनी परत आल्या. एकीवर साबुदाण्याच्या खिचडीचं तुपकट बोट, अगदी स्पष्ट, अंगठ्याचे ठसे घेतात तसं. त्या दिवशी ठरवलं, द्यायची तर कायमची, परत मागायचीच नाही.

---

हिप्परगा | सोमवार, दुपारी १:१८

मी हैदराबादला असते, माहेर सोलापूर. कुरिअरनं पाठवलीत तर? मी दरबारी लावीन, रात्री मुलं झोपल्यावर. सासऱ्यांचा प्लेअर आहे, उत्तम चालतो.

---

तबकडीवाला | सोमवार, दुपारी १:४०

कुरिअर करायची वेळ आलीच तर रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून, वेगळ्या पाकिटात घालून, कव्हरच्या मागे ठेवायची. आत ठेवून पाठवली की धक्क्यानं कव्हरची शिवण फाटते. दोन्ही बाजूंना पुठ्ठे, रेकॉर्डपेक्षा मोठे. मार्चनंतर तर नकोच. गोदामात, नाहीतर बंद गाडीत उन्हात राहिली की व्हायनल मऊ पडतं आणि वाकतं. आपल्याकडे ४२-४३ ला पारा जातो, बंद गाडीच्या आत त्याहून किती जास्त ते सांगायला नको.

---

जुनी_पेठ | सोमवार, दुपारी २:३०

ताई, तुमचं उत्तर आवडलं. पण पाठवायचा धीर होत नाही. क्षमस्व.

---

झूमरा१४ | मंगळवार, मध्यरात्री १२:२२

नमस्ते काका. मी विडी घरकुलमध्ये राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, दुसऱ्या पाळीला. रात्री साडेअकराच्या पुढे घरी येतो. आमच्या घरात तेलुगू, मराठी शाळेतली, लिहिण्यात चुका असतील.

मी दरबारी लावणार, आंघोळ करून, बारा वाजता. मारवा मला मिळतच नाही. त्या वेळेला मी मागावर असतो, शेजारच्या माणसाशी बोलायला पण ओरडावं लागतं. घरी आल्यावर तासभर कानात खटक खटक चालूच राहतं. पहिल्यांदा खाँसाहेबांचा झूमरा ताल ऐकला तेव्हा वाटलं गाणं बंद पडलंय. चौदा मात्रा, पण इतक्या संथ, की सम (तालाची पहिली मात्रा) येईपर्यंत मी पाणी पिऊन आलो. मग हळूहळू कळलं, कानातला माग बंद करायला हेच लागतं.

शिकलेलो नाही. एका कारखान्यात जुन्या मास्तरांनी रेडिओवर ऐकायला लावलं, तेव्हापासून नाद आहे. प्लेअर जुना घेऊन स्वतः दुरुस्त केलाय, बेल्ट नवीन. रेकॉर्ड सहाच आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगतो, नंतर कुणी म्हणू नये. आई घरी विड्या वळते, त्यामुळे घरात तंबाखूची धूळ असते. आणि माझ्या कपड्यांना सुताचे बारीक तंतू असतात. म्हणून रेकॉर्ड पत्र्याच्या पेटीत उभ्या ठेवतो आणि आंघोळ केल्याशिवाय हात लावत नाही. पेटी आतल्या भिंतीला, उन्हाच्या भिंतीला नाही. घर स्लॅबचं आहे.

एक विचारायचं होतं. त्या २३ रेघांमध्ये तारखा आहेत का?

---

तबकडीवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

प्रामाणिकपणाला दाद. पण तंबाखूची धूळ + सुताचे तंतू = ग्रूव्हचं वाटोळं. भावना बाजूला ठेवून सांगतोय. आणि स्लॅब असला तरी मे महिन्यात वरच्या स्लॅबखाली भट्टी होते.

---

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ८:२०

तबकडीवाले, तुमच्या एसी खोलीत साडेतीनशे आहेत. त्यातल्या किती गेल्या वर्षात वाजल्या? हात छातीवर ठेवून सांगा.

---

तबकडीवाला | मंगळवार, सकाळी ८:५६

चाळीसेक.

बरं. झूमरा१४, धुवायचं कसं ते लिहून ठेवतो. डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात ते मेडिकलमध्येही मिळतं), लिटरभराला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, एकच. मऊ मायक्रोफायबरचं फडकं, ग्रूव्हच्या दिशेनं गोल गोल, आडवं कधीच नाही. लेबल ओलं करायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा, आणि उभी ठेवून वाळवायची. ७८ च्या तबकड्या हाताशी आल्या तर त्यांना स्पिरिट लावू नका, त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या एका मित्रानं (म्हणजे मीच) अशी एक घालवली आहे.

---

जुनी_पेठ | मंगळवार, सकाळी ११:४०

झूमरा१४, तारीख एकाच रेघेला आहे. १४-२-७४.

खाँसाहेब १३ फेब्रुवारी १९७४ ला कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. मी चौदा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी बातमी कळली. बाबा जेवले नाहीत. रात्री नऊला फिएस्टा काढला आणि दरबारी लावली, आवाज होता त्याहून मोठा. आई म्हणाली, "अहो, शेजारी." बाबा काही बोलले नाहीत. मी अंथरुणात पडून भिंत कधी वाजते याची वाट बघत होतो. नाही वाजली. पूर्ण बाजू झाली, वीस-बावीस मिनिटं. मग शेजारचे दादा बाहेर आले, दारात उभं राहून विचारलं, "कोण गेलं ओ?" त्यांना वाटलं होतं आमच्या नात्यातलं कोणी गेलं.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. जमेल त्या दिवशी सकाळी या.

---

पार्कचौक | मंगळवार, दुपारी १२:१०

…

नि:शब्द. कामाच्या वेळेत हा धागा उघडायला नको होता.

---

नवीपेठकर | मंगळवार, दुपारी १२:४४

संग्रहालयाचं मागे घेतो.

---

हिप्परगा | मंगळवार, दुपारी ३:०२

द्या काका त्यांनाच. गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येते दरवर्षी, तेव्हा ऐकायला जाईन त्यांच्याकडे. चालेल ना दादा?

---

झूमरा१४ | बुधवार, मध्यरात्री १२:०९

चालेल की ताई. रात्री बारानंतर या फक्त.

काका, व्यनि वाचला. गुरुवारी सकाळी येतो. पाकीट टाकायचं नाही. रेकॉर्ड नव्या पाकिटात घालतो आणि जुनं कव्हरमध्येच मागे ठेवतो, म्हणजे तबकडीवाल्यांचं पण राहिलं आणि बाबांचं पण.

---

जुनी_पेठ | शुक्रवार, दुपारी ४:३६

काल पोरगा येऊन गेला. आधी चार पुतळ्यांपाशी भेटायचं ठरलं होतं, मग म्हटलं घरीच या. सायकलीवर आला. रेकॉर्ड गुंडाळून न्यायला कारखान्यातला नवा टॉवेल घेऊन आला होता, हात पुसायला माझ्यासाठी एक वेगळा. (तबकडीवाले, टॉवेलच्या आत प्लास्टिकची पिशवी होती, ओरडू नका.)

हिनं हुग्गी (गव्हाची खीर) केली होती. दोन वाट्या खाल्ल्या. मग मी म्हटलं, माझ्या प्लेअरवर एकदा लावा, मला ऐकायचीय. कुठली बाजू, विचारलं त्यानं. दरबारी रात्रीसाठी ठेवा म्हटलं. तर त्यानं सकाळी सव्वादहाला मारवा लावला. कडकभाकरी, तुमचा विजय असो.

त्यानं आर्म उचलला आणि सुई टेकवली. मी कान देऊन बसलो होतो, आता खर्र होईल म्हणून. आवाजच आला नाही. मग माझा ओरखडा लागला, टक, टक, टक, तीन फेरे, आणि त्यापुढे खाँसाहेब. तो डोळे मिटून बसला नाही की मान डोलावली नाही. गुडघ्यावर एक बोट ठेवलं होतं फक्त, आणि दर समेला ते बोट दाबायचा. चुकला नाही एकदाही. मी दोनदा चुकलो.

जाताना रेघ मारायला पेन्सिल मागितली. ४१३. बाबा गेल्यावर मी एकही रेघ मारली नव्हती, त्यामुळे आकडा खरा नाहीच. हे त्याला सांगितलं. "मिलचा हिशेब आहे काका, मधल्या खाड्याचं कोण विचारतंय," म्हणाला.

---

तबकडीवाला | शुक्रवार, सायंकाळी ५:१०

इलिप्टिकल सुई माझ्याकडे एक जादा आहे, झूमरा१४ यांच्या प्लेअरला बसते का बघू. कार्ट्रिजचा नंबर व्यनि करा. पैसे नकोत.

---

झूमरा१४ | शनिवार, मध्यरात्री १:०५

नंबर पाठवलाय दादा, लय उपकार.

काका, आज दरबारी लावली. पाळीवरून आलो, आंघोळ केली, आई विड्यांचं सूप आत ठेवून झोपली होती. रेकॉर्ड खरंच आरशासारखी आहे. गंधार हलतो ना त्यात, तो हलताना मला इतकी वर्षं फोनवर नुसता ऐकू यायचा, आज दिसल्यासारखा झाला. यापेक्षा नीट मला लिहिता येणार नाही.

सातव्या-आठव्या मिनिटाला पलीकडच्या मावशींनी भिंत वाजवली. त्यांना पहाटे उठून कारखान्यात विड्या द्यायला जायचं असतं. सुई उचलली. उद्या हेडफोनचं बघतो.

रेघ मारायची का नाही ते कळेना, म्हणून अर्धीच मारलीय.

---

जुनी_पेठ | शनिवार, सकाळी ६:४८

अर्धी चालते. बाबांच्या २३ मध्येही दोन तोकड्या आहेत. मला वाटायचं पेन्सिल बोथट झाली असेल.

---

कडकभाकरी | शनिवार, सकाळी ७:३०

अवांतर: हुग्गीत गूळ की साखर?

---

जुनी_पेठ | शनिवार, सकाळी ७:३४

गूळ. हे काय विचारणं झालं?